त्या घरांत म्हातारी माणसंच राहू द्यात

लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्ड गावात ब्रॉड स्ट्रीटवर एक दगडी इमारत आहे. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती एखाद्या चर्चचीच बाजू वाटते. एका टोकाला दगडी जाळीच्या उंच खिडक्या आहेत आणि त्यांतल्या रंगीत काचा पंधराव्या शतकातल्या आहेत. हे ब्राउन्स हॉस्पिटल. नावात हॉस्पिटल असलं तरी दवाखान्याशी त्याचा काही संबंध नाही. गावातल्या गरीब, निराधार म्हाताऱ्यांना हयातभर राहायला दिलेली ही जागा. अशा धर्मादाय घरांना इंग्लंडमध्ये आम्सहाउस म्हणतात. स्टॅमफर्डची माणसं 'कॅलिस' म्हणतात, कारण गावचे लोकरीचे व्यापारी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले बंदरातून माल विकत आणि त्याच पैशातून इथली जुनी घरं उभी राहिली.

विल्यम ब्राउन हा त्या व्यापाऱ्यांतला बडा असामी. गावातल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये पितळी पत्र्यावर कोरलेली त्याची प्रतिमा आहे, तिच्यात त्याचे पाय लोकरीच्या गठ्ठ्यांवर टेकलेले दाखवलेत. पैसा कुठून आला हे झाकायची त्याला गरज वाटली नाही, हे मला आवडतं. १४७५ च्या सुमारास त्यानं ही इमारत बांधली, दहा गरीब पुरुषांसाठी आणि दोन गरीब बायकांसाठी. त्यांनी रोज प्रार्थना करायची, ब्राउनच्या आणि त्याची बायको मार्गारेट हिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. व्यवहार उघड होता. छप्पर आणि अन्न माझं, प्रार्थना तुमची.

हा व्यवहार इमारतीच्या नकाशात जसाच्या तसा उतरला आहे. तळमजल्यावर एक लांब दालन होतं. दोन्ही भिंतींना लागून आडोसे घालून खण पाडलेले, प्रत्येक खणात एकाची झोपायची सोय, मधून चालायची वाट. वाटेच्या पूर्व टोकाला लाकडी जाळीचा पडदा आणि पडद्यापलीकडे थेट प्रार्थनागृह. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही पडल्या पडल्या उपासना ऐकू यावी, अशी सोय. आणि वरच्या मजल्यावर, या बिछान्यांच्या बरोबर डोक्यावर, ऑडिट रूम. जमिनींचा खंड किती आला, खर्च किती झाला, कोणाला किती दिले, हे तिथं मांडलं जाई.

नकाशा देखणा आहे यात वाद नाही. एका छपराखाली माणसं, देव आणि हिशेब, तिन्ही सुटसुटीत बसवलेत. मध्ययुगीन आम्सहाउसचा इतका चांगला टिकलेला नमुना इंग्लंडमध्ये फार थोड्या ठिकाणी सापडतो. पण त्यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे म्हाताऱ्याला स्वतःचं दार.

काळच तसा होता, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावात १४३७ मध्ये तेरा गरिबांसाठी आम्सहाउस स्थापन झालं, त्यात मधल्या चौकाभोवती स्वतंत्र घरं आहेत. विंचेस्टरच्या सेंट क्रॉस या आम्सहाउसमध्ये कार्डिनल बोफर्टनं १४४५ मध्ये नव्या आश्रमाची भर घातली, तिथं प्रत्येक 'ब्रदर'ला, म्हणजे तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्याला, वेगळ्या खोल्या मिळाल्या, त्यांत शेकोटी, आणि मागून वाहत्या पाण्यावर शौचकूपाचीही सोय. त्या शेकोट्यांची उंच धुराडी आजही चौकात ओळीनं उभी आहेत. म्हणजे ब्राउननं पाया खणला तेव्हा दाराची, शेकोटीची घरं तीस-चाळीस वर्षांपासून लोकांसमोर होती. तरी त्यानं जुन्या वळणाचं दालनच निवडलं. माझा तर्क असा की त्याला मुख्यतः प्रार्थना हवी होती, आणि ती रोज होते की नाही हे बघायला दालन सोयीचं. खोलीचं दार लावून घेतलेला म्हातारा प्रार्थना करतोय की घोरतोय, कोणाला ठाऊक!

पुढं जवळजवळ चारशे वर्षांनी, १८७० मध्ये, लाउथ गावच्या जेम्स फाउलर नावाच्या वास्तुविशारदानं मागच्या चौकाभोवती छोटी घरं बांधली. मागचा जुना भाग त्यात बराचसा गेला. राहणारी माणसं दालनातून या घरांत गेली. पुढचं दालन, प्रार्थनागृह आणि ऑडिट रूम मात्र जागच्या जागी राहिली.

व्हिक्टोरियन काळातल्या जीर्णोद्धारांबद्दल वारसाप्रेमींच्या मनात अढी असते आणि ती बऱ्याचदा रास्तही असते. त्या काळात कित्येक जुन्या चर्चांचे दगड खरवडून ती 'मूळ' रूपात आणण्याच्या नावाखाली त्यांची पार रया घालवली गेली. १८७७ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसनं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच संतापातून. तरीही ब्राउन्स हॉस्पिटलच्या बाबतीत मी फाउलरच्या बाजूनं आहे, आणि या लेखात मला त्याचीच बाजू मांडायची आहे. आम्सहाउस ही राहती वास्तू आहे. तिच्यात सर्वांत आधी जपायचं ते गरीब म्हाताऱ्यांचं तिथलं राहणं. त्यासाठी भिंत हलवावी लागली तर हलवावी, छपराला भोक पाडावं लागलं तर पाडावं. भिंती शाबूत ठेवून माणसं बाहेर काढली, तर त्याला वारसा वाचवला असं मी म्हणणार नाही.

फाउलरनं हे काम केलं तो काळही लक्षात घ्यायला हवा. १८३४ च्या गरिबांविषयीच्या नव्या कायद्यानं इंग्लंडभर 'वर्कहाउस' उभी राहिली होती. आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे कोणी उगाच आत येणार नाही, हे त्यामागचं जाहीर तत्त्व. सॅम्पसन केम्पथॉर्न या तरुण वास्तुविशारदानं त्यासाठी नमुना-नकाशे काढून दिले: मध्यभागी देखरेखीची जागा, तिथून चहूकडे फाकलेल्या इमारती आणि मधल्या बंदिस्त अंगणांत पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मुलं वेगळी. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवरा-बायकोला म्हातारपणी दोन अंगणांत टाकणारी ही वास्तुकला. तिच्या ऐन भरात स्टॅमफर्डमध्ये बारा गरिबांना दार, खिडकी आणि शेकोटी मिळाली. एवढ्यासाठी मागचा भाग गेला असेल, तर जाऊ दे की!

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर चिचेस्टरमध्ये बघायला मिळतं, आणि ते जास्त धाडसी आहे. तिथलं सेंट मेरीज हॉस्पिटल तेराव्या शतकाच्या अखेरचं. बाहेरून दिसतं ते बहुतेक सगळं छप्परच. कौलांचा प्रचंड उतार वरून निघतो तो थेट माणसाच्या डोक्यापासून फार वर नाही इतक्या खाली येऊन थांबतो. आत शिरलं की जाडजूड लाकडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर तुळया आणि वासे, आणि पूर्वेच्या टोकाला पुन्हा प्रार्थनागृह. स्टॅमफर्डचाच नकाशा, पण पावणेदोनशे वर्षं आधीचा आणि आकारानं कितीतरी मोठा. इथंही पूर्वी रांगेनं बिछाने असत, म्हातारे-आजारी उघड्या दालनात झोपत.

सतराव्या शतकात तिथल्या कारभाऱ्यांनी या दालनाच्या आतच घरं बांधली. खांबांच्या मागं दोन्ही बाजूंना जी पडवीवजा जागा होती, तिच्यात भिंती घालून दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं काढली. प्रत्येकाला मधल्या मोकळ्या भागाकडे उघडणारं दार दिलं, प्रत्येकाला शेकोटी दिली. आता शेकोटी आली म्हणजे धूर आला. त्यासाठी त्या मध्ययुगीन छपराला भोकं पाडून विटांची जाड धुराडी बाहेर काढली. आज बाहेरून बघताना कौलांच्या त्या विस्तीर्ण उतारातून वर आलेली ही धुराडी पहिल्यांदा जरा खटकतात, मग तीच लक्षात राहतात. आत मधल्या भागात उभं राहिलं की एका भल्यामोठ्या छपराखाली एक छोटीशी गल्लीच दिसते, दोन्हीकडे दारं असलेली. आणि त्या दारांमागं आजही माणसं राहतात.

हाच प्रस्ताव आज कोणी घेऊन आलं, की तेराव्या शतकातल्या लाकडी छपरात भोकं पाडून आम्हाला धुराडी काढायची आहेत, तर संवर्धन अधिकाऱ्याला घाम फुटेल. परवानगी तर सोडाच, अर्जदाराची अक्कल काढली जाईल. आणि तरीही ते दालन आज उभं आहे ते बऱ्याच अंशी त्या धुराड्यांमुळं. इंग्लंडमधली बहुतेक मध्ययुगीन इस्पितळांची दालनं सोळाव्या शतकात राजानं मठ बरखास्त केल्यावर कोठारं झाली, पडली, दगडांसाठी लुटली गेली. राहत्या माणसाच्या छपराची गळती मात्र दर पावसाळ्यात कोणीतरी बघतो, कारण पाणी त्याच्या अंथरुणावर पडत असतं.

टेम्सकाठच्या ॲबिंग्डनमध्ये सेंट हेलेन्स चर्चच्या आवाराला लागून लाँग ॲली नावाचं आम्सहाउस आहे, १४४६ चं. त्याच्या लांबच लांब दर्शनी बाजूनं लाकडी गॅलरी जाते आणि घरांची दारं तिच्यात उघडतात. गिरगावच्या चाळीत गॅलरीचं जे काम, तेच इथं: दार उघडलं की एकदम रस्ता नाही, आधी शेजारी. हे बांधणारा धार्मिक संघ धर्मसुधारणेच्या धामधुमीत १५४७ मध्ये बरखास्त झाला, त्याची मालमत्ता गेली. गावानं खटपट करून १५५३ मध्ये राजाकडून सनद आणली आणि क्राइस्ट्स हॉस्पिटल नावानं तोच कारभार पुन्हा सुरू केला. ती संस्था अजून चालते. पंथ बदलला, मालक बदलला, पण गॅलरीतल्या दारांमागचं राहणं चालू राहिलं.

याच्या उलट उदाहरण लंडनचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण वारसा वाचवण्याच्या इतिहासात ते विजय म्हणून सांगितलं जातं. माइल एंड रोडवर १६९५ मध्ये ट्रिनिटी हाउस या दर्यावर्दींच्या संस्थेनं थकलेल्या कप्तानांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी घरं बांधली. समोरासमोर दोन ओळी, मधे हिरवळ, टोकाला प्रार्थनागृह आणि रस्त्याकडच्या भिंतींवर छोटी छोटी कोरीव जहाजं. दोनशे वर्षांनी, १८९५ च्या सुमारास, ही घरं पाडायचा घाट घातला गेला. सी. आर. ॲश्बी या वास्तुविशारदानं त्याविरुद्ध रान उठवलं. लंडनच्या जुन्या इमारतींची पद्धतशीर नोंद ठेवणारं 'सर्व्हे ऑफ लंडन' हे काम यातूनच सुरू झालं, त्याची पहिली पुस्तिका १८९६ ची आणि ती याच घरांवरची. घरं वाचली. पुढं दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून त्यांचं नुकसान झालं, लंडन काउंटी कौन्सिलनं ती पुन्हा उभी केली.

आज तिथं जहाजं आहेत, हिरवळ आहे, विटांचं काम सुरेख राखलंय. आणि घरं लंडनच्या बाजारभावानं विकली जातात. ज्या कप्तानाच्या विधवेसाठी ती बांधली, तिच्यासारखीला आज तिथला दाराचा कडीकोयंडाही परवडणार नाही. ॲश्बीला मी दोष देत नाही. तो नसता तर तिथं काहीच उरलं नसतं. पण लढाई इमारतीसाठी लढली गेली, इमारत मिळाली, आणि ती ज्यांच्यासाठी होती त्यांचं काय झालं हा प्रश्न विजयाच्या कथेत येतच नाही, याला काय म्हणायचं?

लंडनच्याच शोअरडिचमधल्या गेफ्री आम्सहाउसची गत थोडी वेगळी. १७१४ ची ही चौदा घरांची इमारत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रहिवाशांना शहराबाहेर हलवलं आणि १९१४ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. संग्रहालय झालं नसतं तर इमारत पाडली गेली असती, समोरची बागही गेली असती, हे मान्य. पण गंमत बघा, आता त्या जागेबद्दल गावात वाद होतो तो दर्शनी भागावरच्या, घरांसाठी पैसा देणाऱ्या रॉबर्ट गेफ्रीच्या पुतळ्यावरून. गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतवलेल्या माणसाचा पुतळा ठेवायचा की काढायचा? वाद योग्यच आहे. पण राहणारे निघून गेले की देणाऱ्याचं नाव तेवढं मागं उरतं, हेही त्यातून दिसतं.

आता मुद्द्याकडे. इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्याखाली ऐतिहासिक इमारतींची सूची आहे. सूचीतल्या इमारतीच्या रूपाला धक्का लागेल असं काहीही करायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि ती न घेता काम केलं तर तो गुन्हा ठरतो. स्टॅमफर्ड तर १९६७ मध्ये देशातलं पहिलं 'संवर्धन क्षेत्र' जाहीर झालेलं गाव. हे सगळं चांगलंच आहे, त्यामुळंच ते गाव आज इतकं देखणं राहिलंय. पण हा कायदा खिडकीच्या चौकटीला जपतो, खिडकीशी बसलेल्या माणसाला नाही. खिडकी बदलायची तर कागदपत्रांचा ढीग. आणि आम्सहाउस विकून त्याची महागडी खाजगी घरं करायची ठरली, तर वारशाच्या कायद्याला त्यात आडकाठी आणण्यासारखं फारसं काही नसतं, घराचं घरच राहिलं ना! विश्वस्तांना धर्मादाय कायदा मूळ हेतूशी बांधून ठेवतो हे खरं, पण 'जुनी जागा विकून त्या पैशात दुसरीकडे नवी बांधू' हा मार्ग तो बंद करत नाही. ती दुसरी जागा मग बहुधा स्वस्त जमिनीवर, म्हणजे गावाच्या कडेला. दुकान लांब, चर्च लांब, ओळखीचे चेहरे लांब.

विश्वस्तांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. जाड दगडी भिंत, एकेरी काच, उंच उंबरठा, अरुंद जिना. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला दारातून वळता येत नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी ठोकायची तर भिंत कुठल्या शतकातली हे आधी बघावं लागतं. घर गरम ठेवायला जाणारा पैसा तर भिंतीतूनच बाहेर पळतो. अशा वेळी 'ही इमारत आता राहण्यालायक नाही' हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. चिचेस्टरच्या कारभाऱ्यांच्या तोंडी ते सतराव्या शतकातच यायला हवं होतं. त्यांनी ते न म्हणता गवंडी बोलावला.

यावर वारसावाल्यांचा आक्षेप काय असेल तो मला दिसतो, आणि तो हलका नाही. आज धुराडं, उद्या लिफ्ट, परवा दुहेरी काच, असं करत करत शेवटी मूळ इमारतीत काय उरणार? आणि एकदा गेलेलं जुनं लाकूड परत येत नाही. खरं आहे. म्हणूनच सरसकट मोकळीक मागत नाही. सरकारच्या नियोजन-धोरणात आजही असं धरलं जातं की जुन्या वास्तूला झेपेल असा सर्वांत योग्य वापर टिकवणं हा लोकांचा फायदाच आहे. आम्सहाउसच्या बाबतीत हा योग्य वापर कोणता, हे शोधायला समिती नको. तो वापर बांधणाऱ्यानं स्थापनेच्या दस्तऐवजात लिहून ठेवलाय. बदलाचा अर्ज आला की त्याच्यामुळं गरीब म्हातारी माणसं तिथं आणखी पन्नास वर्षं राहू शकणार असतील, तर ती गोष्ट काचेच्या आणि लाकडाच्या बरोबरीनं तराजूत घालावी. आणि एक लक्षात ठेवावं, की स्टॅमफर्डची १८७० ची घरंही आता जुनीच झाली आहेत. फाउलरला जी मोकळीक मिळाली ती त्याच्याच भिंतींना नाकारायची, हे फार विचित्र होईल.

हे सगळं जुन्याच्या प्रेमातून आलेलं स्मरणरंजन नाही, याचा पुरावा नव्या इमारतीतच आहे. लंडनच्या बर्मंडसीमध्ये 'ॲपलबी ब्लू' नावाचं नवं आम्सहाउस झालंय, ५९ सदनिकांचं. ते बांधणाऱ्या युनायटेड सेंट सेव्हियर्स या धर्मादाय संस्थेचं मूळ १५४१ पर्यंत जातं. विदरफोर्ड वॉटसन मान या वास्तुविशारदांनी केलेल्या या इमारतीला २०२५ चा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुकलेचा सर्वांत मोठा. तिथली जाण्यायेण्याची वाट अंधारी बोळ नाही. बागेच्या बाजूनं उजेड येणारी, बाकं ठेवलेली रुंद गॅलरी आहे, म्हणजे ॲबिंग्डनचीच युक्ती. सामायिक स्वयंपाकघर आणि बागेकडची मोठी खोली तळाशी आहे. आणि इमारत हमरस्त्यावर आहे, आडबाजूला नाही. २०२३ चा तोच पुरस्कार ब्लॅकहीथच्या मॉर्डन कॉलेज या १६९५ च्या आम्सहाउसच्या आवारातल्या दिवसभराच्या विसावा केंद्राला मिळाला होता. तीन वर्षांत दोनदा या जुन्या संस्थांच्या कामाला असा मान मिळतो, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीचा नकाशा अजून कालबाह्य झालेला नाही, असं म्हणायला हरकत नसावी.

आकाराचाही प्रश्न आहे. ब्राउनची बारा माणसं, यूएल्मची तेरा. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, अशी कल्पना आहे. प्रशासनाच्या हिशेबाला दीडशे सोपे. पण दीडशे माणसं म्हटलं की मेस आली, घंटा आली, दालन आलं. लोकसंख्या वेगळी, पैसा वेगळा, मला मान्य. तरीही दीडशेची एक इमारत आणि पंधरांच्या दहा इमारती यांत फरक केवळ खर्चाचा नसतो, हे तो आकडा लिहिणाऱ्यांनी एकदा ॲबिंग्डनच्या गॅलरीत उभं राहून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लंडनच्या बेज बिझनेस स्कूलनं २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काही आम्सहाउसमधली माणसं त्याच आर्थिक थरातल्या बाहेरच्या माणसांपेक्षा अडीच वर्षांपर्यंत जास्त जगतात असं आढळलं. मी या आकड्यावर फार भार टाकणार नाही. आम्सहाउसमध्ये प्रवेश मिळवणारा म्हातारा आधीच थोडा धडधाकट, थोडा खटपटी असू शकतो. पण शेजार माणसाला जगवतो, ही गोष्ट चाळीत वाढलेल्या कोणालाही नवीन वाटणार नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप वारसावाल्यांकडून येत नाही, तो डावीकडून येतो. देशभरात आम्सहाउस चालवणाऱ्या सुमारे १६०० संस्था आहेत आणि त्यांत साधारण ३६ हजार माणसं राहतात. घरांच्या टंचाईपुढं हे काय! शिवाय हे दान आहे, हक्क नाही. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे विश्वस्त ठरवणार. पूर्वी तर चालचलन बघून ठरवत, अंगावर झगा आणि बिल्ला घालायला लावत. वॉरिकच्या लॉर्ड लेस्टर हॉस्पिटलचे चांदीचे बिल्ले पर्यटक आज कौतुकानं बघतात. ते घालून बाजारातून जाणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार कोण करतो?

आणि दान देणारा भला असला तरी चालवणारा भला निघेलच असं नाही. विंचेस्टरच्या त्या सेंट क्रॉसचं मास्टरपद, म्हणजे प्रमुखपद, १८०८ मध्ये फ्रान्सिस नॉर्थ या पाद्र्याला मिळालं. देणारा बिशप त्याचा स्वतःचा बाप. हा पुढं अर्ल ऑफ गिलफर्ड झाला आणि संस्थेच्या उत्पन्नावर अनेक दशकं मजेत जगला. १८५३ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी धरलं, तोवर किती ब्रदर हक्काच्या वाट्याविना मेले असतील, देव जाणे. धुराडी उंच होती, वास्तू अप्रतिम होती, आणि त्यातलं काहीही त्या म्हाताऱ्यांच्या कामी आलं नाही.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, फक्त त्याचा निष्कर्ष मान्य करत नाही. दानाची पद्धत सदोष आहे म्हणून घराचा आकार टाकून द्यायचं कारण नाही. दोष कायद्यात आहे आणि तो कायद्यानंच काढायला हवा. आज आम्सहाउसमध्ये राहणारा भाडेकरू नसतो. तो दर आठवड्याला पैसे भरतो, पण त्याला भाडं म्हणत नाहीत, देखभालीचा वाटा म्हणतात. १९९८ मध्ये ग्रे विरुद्ध टेलर या खटल्यात अपील न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की अशा रहिवाशाला भाडेकरूचे हक्क नाहीत, तो धर्मादाय संस्थेचा लाभार्थी म्हणून तिथं राहतो. यामागं संस्थांचं एक खरं कारण आहे. भाडेकरूचे हक्क दिले तर घर वारसाकडे जाईल, किंवा कोणी ते विकत मागेल, आणि पुढच्या गरजूला जागा उरणार नाही. ट्रिनिटी हाउसच्या घरांकडे बघितलं की ही भीती उगाच आहे असं म्हणवत नाही.

पण वारसाहक्क न देता, विकायचा हक्क न देता, एक गोष्ट देता येते. विश्वस्तांनी कोणाला बाहेर काढायचं ठरवलं, तर त्याच विश्वस्तांच्या समितीपुढं दाद मागायला न लावता बाहेरच्या, स्वतंत्र मंडळापुढं जाण्याचा हक्क कायद्यानं द्यावा. सूचीतल्या वास्तूंना संवर्धनासाठी जेव्हा सार्वजनिक पैसा दिला जातो, तेव्हा ती अटच घालावी: घर गरीब वृद्धांसाठीच राहील आणि रहिवाशाला दाद मागता येईल. छोट्या संस्था कुरकुर करतील. चार विश्वस्त आणि एक कारकून असलेल्या गावच्या ट्रस्टला हे जड जाईल, हेही खरं आहे. त्यांना वकिलाचा खर्च सरकारनं द्यावा. खिडकीच्या दगडी जाळीसाठी देतातच.